गाडी नेमकी कुठे आहे?

लंडन रुग्णवाहिका सेवेचा मध्यवर्ती नियंत्रण कक्ष वॉटर्लू भागात होता. 1992 साली या एका कक्षावर 600 चौरस मैलांहून थोड्या जास्त परिसराची आणि 68 लाख वस्तीची जबाबदारी होती. दिवसाला 2,000 ते 2,500 फोन येत. त्यातले 1,300 ते 1,600 फोन 999 या तातडीच्या क्रमांकावरचे असत. एवढा सगळा कारभार एका प्रश्नाभोवती फिरायचा: रुग्ण या पत्त्यावर आहे, तर त्याच्या सगळ्यात जवळची मोकळी गाडी कोणती?

4 नोव्हेंबर 1992 रोजी रात्री दोननंतर थोड्याच वेळात, या प्रश्नाचं उत्तर देणारी संगणक यंत्रणा ठप्प झाली. नऊच दिवसांपूर्वी तिने एकदा हात टेकले होते. पहिल्या वेळी यंत्रणा चालू होती आणि उत्तरं चुकत होती. दुसऱ्या वेळी उत्तरच येईना. नकाशा, पत्ते आणि हलत्या गाड्या एकत्र सांभाळणाऱ्या कोणत्याही डेटाबेसला हे दोन्ही आजार होऊ शकतात. दोन्ही हळूहळू वाढतात आणि दिसतात मात्र अचानक.

21 महिने आधी: फेब्रुवारी 1991

तोवर सगळं काम कागदावर चालायचं. फोन घेणारा पत्ता फॉर्मवर लिहायचा, नकाशांच्या पुस्तकात तो शोधून पानाचा आणि चौकोनाचा क्रमांक टाकायचा आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवायचा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक जण फॉर्म गोळा करायचा. एकाच अपघाताचे दोन-तीन फोन आलेले असले तर ते वेगळे काढायचा आणि ईशान्य, वायव्य किंवा दक्षिण विभागाच्या वाटप-अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तो अधिकारी गाडी निवडायचा, मग ठाण्याला फोन जायचा किंवा रस्त्यावरच्या गाडीला रेडिओवरून निरोप. हे सगळं तीन मिनिटांत व्हावं अशी अपेक्षा होती.

ही पद्धत संथ होती. दुबार फोन ओळखणं तर माणसाच्या स्मरणशक्तीवरच होतं. पण तिचा एक फायदा कोणी कागदावर मांडला नव्हता. विभागाच्या वाटप-अधिकाऱ्याला आपल्या गाड्या ठाऊक असत, आणि रेडिओवरचा सहकारी हाकेच्या अंतरावर बसलेला असे. कुठली माहिती शिळी झाली आहे, हे त्यांना विचारून कळत होतं.

आधीचा एक संगणक प्रकल्प भाराच्या चाचण्यांत नापास झाला होता आणि 75 लाख पौंड खर्चून 1990 मध्ये गुंडाळला गेला होता. फेब्रुवारी 1991 मध्ये नव्या निविदा निघाल्या. 35 कंपन्यांनी रस दाखवला, 17 जणांनी निविदा भरल्या. काम मिळालं अ‍ॅप्रिकॉट, सिस्टिम्स ऑप्शन्स आणि डेटाट्रॅक यांच्या गटाला. त्यांची बोली होती 9,37,463 पौंड, सर्वांत जवळच्या स्पर्धकापेक्षा सुमारे सात लाखांनी कमी. तयार पॅकेज घेतलं तरी 15 लाख पौंड आणि 19 महिने लागतील, असा सल्ला बाहेरच्या सल्लागारांनी आधीच देऊन ठेवला होता. तो बाजूला पडला. पूर्ण यंत्रणा सुरू करायची मुदत ठरली 8 जानेवारी 1992, म्हणजे निविदेपासून जेमतेम 11 महिने.

या मुदतीत जे उभं करायचं होतं त्याचे भौगोलिक भाग तीन. पत्ता टाकला की नकाशावरचा बिंदू देणारी स्थळसूची, प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा रेडिओ लहरींवरून सतत कळवणारी यंत्रणा, आणि या दोहोंची सांगड घालून जवळची गाडी सुचवणारा कार्यक्रम. पहिला भाग क्वचित बदलतो, दुसरा क्षणाक्षणाला. तिसऱ्याची अक्कल दुसऱ्याच्या ताजेपणापुरतीच असते.

10 महिने आधी: जानेवारी 1992

मुदत उलटली. जे तयार होतं तेवढंच सुरू झालं: फोनची नोंद संगणकावर घ्यायची, पत्ता स्थळसूचीतून काढायचा आणि कागद छापून पुढचं काम जुन्या पद्धतीने करायचं. बाकीचे तुकडे वर्षभर विभागाविभागाने जोडले गेले. पडदे गोठत, यंत्रणा मधूनच मान टाके.

कार्यक्रमाचे पडदे तेव्हा नव्यानेच बाजारात आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेले होते आणि विंडोज 3.0 वर चालत. एक पडदा उघडायला इतका वेळ लागायचा की कर्मचाऱ्यांनी आपली युक्ती काढली. पाळी सुरू होतानाच लागतील ते सगळे पडदे उघडून ठेवायचे आणि दिवसभर एकावरून दुसऱ्यावर जायचं. काम हलायचं, पण उघडा ठेवलेला प्रत्येक पडदा मेमरी अडवून बसायचा. वेग वाढवण्याच्या घरगुती उपायांचं बहुतेक असंच होतं. एका ठिकाणचा ताण निघून दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि दुसरं ठिकाण कोणी मोजत नसतं.

संपूर्ण यंत्रणेची, सगळे भाग जोडून, खऱ्या भाराखाली चाचणी या काळात झालीच नाही. प्रशिक्षण मात्र वेळेवर झालं, आणि यंत्रणा लांबल्यामुळे लोक शिकलेलं विसरले.

सुमारे तीन आठवडे आधी: ऑक्टोबरचा मध्य

एका प्रोग्रॅमरने दुरुस्तीच्या कामासाठी कोडचा एक छोटा तुकडा घातला आणि काम झाल्यावर तो काढायचा राहिला. हा तुकडा काही बिघडवत नव्हता. एखादी गाडी रवाना झाल्याची नोंद झाली की तो फाइल सर्व्हरच्या मेमरीतली थोडीशी जागा घ्यायचा आणि ती परत करायचा नाही. प्रत्येक रवानगीला थोडी. दुसऱ्या दिवशी फरक कळणार नाही, तिसऱ्याही नाही. इथून पुढे लंडनमध्ये सुटणारी प्रत्येक रुग्णवाहिका सर्व्हरला शून्याच्या थोडं जवळ नेत होती.

नऊ दिवस आधी: सोमवार, 26 ऑक्टोबर, सकाळ

पूर्ण लंडनसाठी पूर्ण यंत्रणा सुरू झाली. कागद बंद. नोंदवलेल्या त्रुटींपैकी 81 अजून शिल्लक होत्या. नियंत्रण कक्षाची मांडणीही बदलली होती. वर्षानुवर्षं शेजारी बसून अडचणी सोडवणारे सहकारी आता वेगळ्या जागी, नव्या खुर्च्यांवर होते. जवळची गाडी कोणती, हे आता मुख्यतः संगणक ठरवणार होता.

सकाळी भार कमी होता. एखाद्या गाडीची स्थिती चुकीची दिसली तर ती हाताने सुधारायला कर्मचाऱ्यांना सवड मिळत होती.

चुका मात्र पहिल्या तासापासून साचायला लागल्या. पाळी बदलताना सगळ्या गाड्या एकदम नोंद करायला जात आणि रेडिओचा मार्ग तुंबे. शहरातल्या काही पट्ट्यांत रेडिओ पोचतच नसे. निघालो, पोचलो, रुग्ण घेतला, मोकळे झालो, असं प्रत्येक टप्प्यावर चालक दलाने बटण दाबायचं होतं. घाईत कोणी ते विसरे, कोणी क्रम चुकवे. कधी दल नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीच घेऊन निघे. गाड्यांची सांकेतिक नावं अधूनमधून आपसात बदलली जात. आणि एक विचित्र दोष असा की ताफ्यातली प्रत्येक त्रेपन्नावी गाडी यंत्रणेला ओळखताच येत नव्हती.

जवळची गाडी शोधणं हे आज गणिती दृष्टीने फार अवघड काम राहिलेलं नाही. पोस्टजीआयएससारख्या भौगोलिक डेटाबेसमध्ये प्रत्येक आकृतीभोवती एक चौकट कल्पून त्या चौकटींचा इंडेक्स बांधलेला असतो. प्रश्न विचारला की आधी लांबच्या चौकटी गळतात, मग उरलेल्या मोजक्या बिंदूंचं खरं अंतर मोजलं जातं. प्रश्न नीट लिहिला नाही तर हाच इंडेक्स निरुपयोगी ठरतो. अमुक अंतराच्या आत काय आहे, हे ‘एसटी-डीविदिन’ या फंक्शनने विचारलं तर इंडेक्स वापरला जातो. तेच ‘एसटी-डिस्टन्स’ काढून आकड्याशी ताडून पाहिलं तर तक्त्यातल्या एकूण एक ओळीचं अंतर मोजलं जातं. हे असे दोष शोधता येतात आणि दुरुस्तही करता येतात.

इंडेक्सने न सुटणारी गोष्ट वेगळी आहे. नकाशावरचा बिंदू पंधरा मिनिटांपूर्वीचा असेल, तर उत्तम जुळवलेला डेटाबेस चुकीचं उत्तर फक्त लवकर देतो. लंडनच्या यंत्रणेची रचनाच अशी होती की प्रत्येक गाडीचा ठिकाणा आणि स्थिती जवळजवळ अचूक असल्याशिवाय ती चालू शकत नव्हती. माहिती अपुरी असली तर काय करायचं, याचा विचार आराखड्यात नव्हता.

सोमवार, दुपारकडे

फोन वाढले आणि नोंदी सुधारायला हात पुरेनात. संगणकाच्या लेखी ज्या गाड्या मोकळ्या होत्या त्या प्रत्यक्षात रुग्णालयाच्या दारात उभ्या होत्या. ज्या मोकळ्या होत्या त्या त्याला दिसत नव्हत्या. त्यामुळे निवडीला गाड्या कमी पडू लागल्या, आणि एक गाडी निवडायलाही संगणकाला जास्त वेळ लागू लागला. कुठे एकाच पत्त्यावर दोन गाड्या पोचल्या, कुठे जवळची गाडी सोडून लांबची निघाली.

ज्या नोंदीचा मेळ लागत नसे तिच्याबद्दल यंत्रणा अपवादाचा इशारा देई. कोणीतरी तो वाचावा, खरं काय ते विचारावं आणि नोंद दुरुस्त करावी, अशी अपेक्षा. इशारे एवढे झाले की रांग पडद्यावर मावेना. नवे इशारे आले की जुने वर सरकून दिसेनासे होत. लक्ष द्यायचं राहिलेल्या फोनांच्या यादीचंही तेच झालं. पडद्याबाहेर गेलेला फोन यंत्रणेत होता, माणसासमोर नव्हता.

सोमवार, संध्याकाळ ते मध्यरात्र

आता चक्र पूर्ण झालं. न सुटलेला इशारा काही वेळाने आणखी इशारे निर्माण करी. रांग वाढली की यंत्रणा मंदावे, मंदावली की रांग आणखी वाढे. गाडी येत नाही म्हणून लोक पुन्हा फोन करत, आणि दुसरा फोन पहिल्याशी जुळला नाही तर ती नवीनच घटना ठरे. चालक दलं वैतागून रेडिओवर विचारणा करू लागली, मग रेडिओ तुंबला आणि बटणांचे संदेश पोचेनात. संदेश पोचले नाहीत म्हणून आणखी गाड्यांच्या नोंदी शिळ्या झाल्या. आपत्कालीन फोन उचलायला काही वेळा 10 मिनिटांपर्यंत वेळ लागत होता.

पुढे संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रकरणाचे जे तपशील मांडले, त्यात अर्धांगवायूच्या एका रुग्णाकडे 11 तासांनी पोचलेली गाडी आहे. तोवर रुग्ण स्वतःच रुग्णालयात जाऊन पाच तास झाले होते.

चौकशी समितीने नंतर एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. 26 आणि 27 ऑक्टोबरला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडला नव्हता. तो कधीकधी असह्य मंद झाला, पण जसा बनवला होता तसाच चालला. कुठेही लाल दिवा लागला नाही, कारण लाल दिवा लागेल असा एकही घटक मोडला नव्हता.

पोस्टजीआयएस ज्यावर चालतं त्या आजच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर हेच चक्र वेगळ्या रूपात भेटतं. तिथे गाडीची जागा बदलली की जुनी ओळ पुसली जात नाही. नवी आवृत्ती लिहिली जाते आणि जुनी मृत होऊन पडून राहते. जागेच्या स्तंभावर भौगोलिक इंडेक्स असल्यामुळे प्रत्येक हालचालीमागे इंडेक्समध्येही भर पडते. हा कचरा उचलायला ‘व्हॅक्यूम’ आहे आणि तो आपोआपही चालतो. पण मूळ मांडणीत त्याचा उंबरठा तक्त्याच्या 20 टक्के अधिक 50 ओळी असा असतो. म्हणजे 10 लाख ओळींच्या तक्त्यात 2,00,050 मृत ओळी साचेपर्यंत तो हात लावत नाही. मधल्या काळात प्रत्येक प्रश्नाला या मढ्यांमधून वाट काढावी लागते. तक्त्याचा अंदाज सांगणारी आकडेवारी ‘अ‍ॅनालाइझ’ने ताजी केली नाही, तर इंडेक्स सोडून भलताच मार्ग धरण्याचा निर्णयही डेटाबेस घेऊ शकतो. म्हणून सतत बदलणाऱ्या तक्त्यांचा उंबरठा खाली आणावा लागतो, आणि पत्त्यांसारख्या स्थिर तक्त्यांपासून ते वेगळे ठेवावे लागतात.

मंगळवार, 27 ऑक्टोबर, दुपारी दोन

दुपारी दोनच्या सुमारास माघार घेतली गेली. फोनची नोंद संगणकावर, पण ती छापून कागद वाटप-अधिकाऱ्याच्या हातात. गाडी माणूस निवडणार. प्रत्येक पाळीत फोन घेणारे जादा लोक बसवले गेले. थोड्याच वेळात कारभार रुळावर आला. यंत्र तेच होतं, सर्व्हर तोच, नकाशाही तोच. मधे एक माणूस परत आला होता, ज्याला शिळी नोंद ओळखता येत होती.

बुधवार, 28 ऑक्टोबर

सेवेचे मुख्याधिकारी जॉन विल्बी यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्रांत 20 ते 30 मृत्यूंचे आकडे येत होते. पुढे चौकशी अहवाल निघाला तेव्हापर्यंत कोणत्याही कॉरोनर न्यायालयाने एकाही मृत्यूसाठी सेवेला जबाबदार धरलं नव्हतं. पण त्या आठवड्यात लंडनकरांचा विश्वास उडाला होता, आणि सरकारने चौकशी जाहीर केली.

29 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर

हे सहा दिवस वाचताना कंटाळवाणे वाटतील. कागद आणि संगणक मिळून काम ठीक चाललं होतं. सगळ्यांचं लक्ष सोमवारच्या गोंधळाचं कारण शोधण्यात होतं.

गाड्या रवाना होत होत्या. प्रत्येक रवानगीला फाइल सर्व्हरच्या मेमरीतून थोडी जागा जात होती.

अशी गळती आजही अगदी साध्या वाटेने शिरते. कोणीतरी दुरुस्तीसाठी डेटाबेसमध्ये व्यवहार सुरू करतो, काहीतरी बदलून पाहतो आणि खिडकी उघडी टाकून जेवायला जातो. तो व्यवहार उघडा आहे तोवर त्याच्यानंतर मेलेली एकही ओळ ‘व्हॅक्यूम’ला उचलता येत नाही, कारण त्या उघड्या व्यवहाराला ती अजून पाहायची असू शकते. व्हॅक्यूम चालतो, काम झाल्याचं सांगतो, आणि तक्ता फुगत राहतो. यावरचा उपाय नीरस आहे. सर्वांत जुना उघडा व्यवहार कधीचा आहे, मृत ओळी किती, मेमरी किती शिल्लक, हे आकडे रोज पाहायचे आणि कालच्या आकड्यांशी ताडायचे. आजचा एकटा आकडा काही सांगत नाही, रोजचा कल सांगतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून वॉटर्लूमध्ये मोकळ्या मेमरीचा आलेख कोणी काढला असता, तर तो एकाच दिशेने उतरताना दिसला असता.

शून्य: बुधवार, 4 नोव्हेंबर, रात्री दोननंतर

आधी यंत्रणा खूप मंदावली. मग सगळे पडदे गोठले. कर्मचाऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे आपापले संगणक बंद करून पुन्हा सुरू केले, पण अडचण त्यांच्या टेबलावर नव्हतीच. यंत्रणेत असलेल्या घटना छापता येईनात, गाड्यांना संदेश जाईना.

अशा वेळेसाठी दुसरा सर्व्हर होता. पहिला पडला की काम आपोआप त्याच्याकडे जायला हवं होतं. ही व्यवस्था पूर्ण कागदविरहित कारभार गृहीत धरून आखलेली होती, आणि 27 तारखेपासून कारभार छापील कागदावर चालू होता. शिवाय ही अदलाबदल कधी पुरेशी तपासलीच नव्हती. ती झाली नाही.

रात्रपाळीने फॉर्म काढले, रेडिओ आणि फोन उचलले आणि लंडनची रुग्णवाहिका सेवा पुन्हा पूर्णपणे कागदावर आली. रात्रीच्या त्या वेळी फोन कमी होते, आणि कागदावर काम करायची सवय असलेले लोक अजून खुर्चीत होते. म्हणून दुसरा बिघाड तांत्रिकदृष्ट्या मोठा असूनही पहिल्याइतका गोंधळ झाला नाही.

त्यानंतर

अहवाल फेब्रुवारी 1993 मध्ये आला. डॉन पेज, पॉल विल्यम्स आणि डेनिस बॉइड यांच्या समितीने प्रोग्रॅमरपाशी थांबणं नाकारलं. अशक्य मुदत, स्वस्त बोलीचा मोह, न झालेली भार-चाचणी, विस्कटलेली बैठक आणि अचूक माहितीवर टेकलेला आराखडा, हे सगळं तिने नोंदवलं.

पुढची यंत्रणा जानेवारी 1996 मध्ये सुरू झाली. या वेळी एकेक तुकडा बसवला गेला, तो लोकांच्या हाताला रुळला की पुढचा. 1997 मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने याच सेवेला माहिती-यंत्रणेच्या व्यवस्थापनासाठी गौरवलं.

दोन बिघाडांच्या दुरुस्तीची तुलना केली तर हिशेब उलटा लागतो. 4 नोव्हेंबरला सगळं बंद पडलं, पण कारण होतं विसरलेला कोडचा तुकडा, आणि तो सापडल्यावर काढून टाकता येत होता. 26 ऑक्टोबरला काहीच बंद पडलं नव्हतं, आणि ते नीट करायला तीन वर्षांहून जास्त काळ लागला. भौगोलिक डेटाबेस सांभाळणाऱ्याने म्हणूनच दोन वेगळे आकडे रोज मागावेत: उत्तर किती वेळात आलं, आणि ते ज्या नोंदीवरून आलं ती किती जुनी होती. पहिला आकडा बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या पडद्यावर लावलेला असतो. दुसरा मागावा लागतो.